हात जिथे पोचतो, तिथून सुरुवात

वर्गात नवीन येणारं माणूस पहिल्या दिवशी दारातच एक वाक्य बोलतं. "मला काही जमणार नाही बरं का, माझं शरीर फार आखडलंय." कुणी पोटाचं नाव काढतं, कुणी गुडघ्यांचं, कुणी वयाचं. साताऱ्यात सकाळचा योगवर्ग घ्यायला लागून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आसनं शिकवण्याइतकाच वेळ मी या एका वाक्यासाठी दिला आहे, कारण पुष्कळ जणांचं खरं दुखणं कंबरेत कमी आणि त्या वाक्यात जास्त असतं.

हा लेख अगदी नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी कधी आसन केलं नाही, किंवा यूट्यूबवर बघून आठ दिवस केलं आणि सोडून दिलं, त्यांच्यासाठी. सहा आठवडे घरच्या घरी करता येईल असा क्रम देते. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात, शेवटी शेवटी अर्धा तास.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. पतंजलींच्या योगसूत्रांत जवळजवळ दोनशे सूत्रं आहेत आणि त्यांतली आसनावर थेट बोलणारी फक्त तीन. पहिलं आहे 'स्थिरसुखमासनम्'. जे स्थिर आहे आणि ज्यात सुख आहे ते आसन. पायाचा अंगठा पकडला पाहिजे, कपाळ गुडघ्याला टेकलं पाहिजे, असं तिथे कुठेही नाही. पुढचं सूत्र तर प्रयत्न सैल करायला सांगतं. म्हणजे तुमचा हात पोटरीपर्यंतच पोचत असेल, पण तिथे तो शांत टेकला असेल आणि श्वास मोकळा चालला असेल, तर तुमचं आसन झालं. शेजारच्याचा हात पावलापर्यंत पोचलाय, पण दात आवळलेले आणि श्वास कोंडलेला, तर त्याचं अजून व्हायचं आहे. हे मी नवख्यांची समजूत घालायला सांगत नाही. व्याख्याच तशी आहे.

सुरू करण्यापूर्वी

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, स्लिप डिस्क यांपैकी काही असेल, गरोदर असाल किंवा गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात संकोच नको.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटानंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. पहाट उत्तम, पण ज्या बाईला साडेपाचला उठून दोन डबे भरायचे आहेत तिला पहाटेचा आग्रह करण्यात अर्थ नाही. तिने संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्यापूर्वी करावं. महागडी मॅट लागत नाही. सतरंजीवर दुहेरी घडी घातलेली सोलापुरी चादर पुरते, फक्त उभ्याने करायच्या आसनांच्या वेळी ती बाजूला करा, पाय घसरतो. एक उशी, एक जुनी ओढणी आणि एक रिकामी भिंत जवळ असू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पहिला आठवडा: नुसतं झोपायचं

नवख्यांना याचं आश्चर्य वाटतं. शवासन शेवटी करतात ना? हो, नंतर ते शेवटीच करायचं. पण पहिला आठवडाभर मी दुसरं काहीही करू देत नाही, कारण आपलं शरीर कसं आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. ते कसं दिसतं एवढंच माहीत असतं.

उताणे झोपा. पायांत दीडेक फूट अंतर, टाचा आत, चवडे सैल बाहेर. हात शरीरापासून वीतभर लांब, तळवे आकाशाकडे. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली चादरीची पातळ घडी घ्या. कंबर जमिनीपासून फार उचललेली वाटली तर गुडघ्यांखाली उशी सरकवा. डोळे मिटा.

आता पावलांपासून वर येत प्रत्येक भागाची मनात नोंद करायची. उजवी टाच जमिनीला टेकली आहे, डावीवर भार थोडा कमी आहे. पोटरी गरम आहे. कंबरेखालून हवा जातेय. डावा खांदा उजव्यापेक्षा उचललेला आहे. दात एकमेकांवर आहेत. जे सापडेल ते फक्त पाहायचं, सुधारायला जायचं नाही. खांदा उचललेला आहे तर असू दे.

इथे एक फरक शिकायचा आहे, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'डावा खांदा टेकत नाही' हे वर्णन झालं. 'काय हे माझं अंग, लाकूड झालंय नुसतं' हा निवाडा झाला. वर्णनात माहिती असते. निवाड्यात नुसती शिक्षा असते, आणि ज्याला सारखी शिक्षा होते ते शरीर जास्तच आकसून घेतं. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सात वेळा तरी तुम्ही स्वतःला निवाडा देताना पकडाल. पकडलं की त्याच गोष्टीचं वर्णन करा. 'लाकूड झालंय' च्या जागी 'खांदा दोन बोटं वर आहे'. एवढंच. त्याबद्दल पुन्हा स्वतःवर रागावायचं नाही.

स्वतःचा स्वीकार म्हणजे 'मी आहे ही अशी, सोडा' असं म्हणून मोकळं होणं नव्हे. वाण्याकडे वजनकाटा असतो तसं हे आहे. काटा खरं वजन दाखवतो, टोमणे मारत नाही. खरं वजन कळल्याशिवाय पुढे काही करताच येत नाही.

झोप लागली तर लागू द्या. थकलेल्या माणसाला आधी झोपच हवी असते.

दुसरा आठवडा: श्वास

पाच मिनिटं शवासन झालं की उजव्या कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठा आणि मांडी घालून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून बसा. खुर्चीवर बसून केलेला योग कमी प्रतीचा नसतो. मांडी घालून गुडघे छातीजवळ येत असतील तर बुडाखाली उशी किंवा चादरीची जाड घडी घ्या, गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ सरळ होते.

पहिले दोन दिवस श्वास फक्त बघा. तिसऱ्या दिवसापासून नाकाने चार अंक मोजत आत घ्या आणि सहा अंक मोजत बाहेर सोडा. रोखून धरायचा नाही. चार-सहा जड वाटलं तर तीन-चार करा. अशी दहा-बारा आवर्तनं पुरेत. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून बाहेरचा श्वास लांबवला की ठोक्यांचा वेग खाली येतो आणि शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप जातो. गरगरलं तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

कपालभाती आत्ता नको. टीव्हीवर बघून शंभर-शंभर झटके मारणारे बरेच जण माझ्याकडे येतात. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, पाळी, पोटाचं ऑपरेशन, यांत ती करू नये, आणि इतरांनीही शिक्षकांसमोर शिकावी. त्याऐवजी आठवड्याच्या शेवटी भ्रामरी घ्या. ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणता आवाज करायचा. पाच वेळा. स्वतःच्याच आवाजाची थरथर गालाच्या हाडांत, कपाळात जाणवते. दिवसभर डोक्यात चाललेली बोलणी तेवढा वेळ थांबतात, असं वर्गातले बरेच जण सांगतात. माझाही अनुभव तोच आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून: पाच आसनं

दहा-बारा आसनांची यादी देत नाही. पाच पुरेत.

ताडासन: पावलं जवळ किंवा थोडी अंतरावर, दोन्ही पायांवर सारखा भार, श्वास घेत हात वर, टाचा उचला. तोल जात असेल तर टाचा टेकलेल्याच ठेवा. तीन वेळा.

मार्जारासन: हात-गुडघ्यांवर या. श्वास घेत पाठ खाली, मान वर. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर, मान खाली. आठ-दहा वेळा सावकाश. गुडघ्याला टोचत असेल तर खाली उशी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी दुसरं काही नाही केलं तरी हे करावं.

भुजंगासन: पालथे झोपून, तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगालगत. पाठीच्या बळावर छाती उचला, हातांवर जोर कमी ठेवा. बेंबी जमिनीवरच. चार-पाच श्वास. कंबरेत कळ आली तर कोपर टेकवून तेवढंच उचला.

पश्चिमोत्तानासन: याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण माणूस स्वतःशी कसा वागतो ते या एका आसनात स्वच्छ दिसतं.

पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं. सांगायला एवढंच. काही वर्षांपूर्वी वर्गात एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या बसल्या, वाकल्या आणि हात गुडघ्यांच्या जरा पुढे जाऊन थांबले. लगेच मान वर करून म्हणाल्या, "मॅडम, पोट आड येतं हो." डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना म्हटलं, बाई, पोटाला आधी जागा करून द्या. पाय फूटभर फाकवले, गुडघे थोडे वाकवले, त्यांच्याखाली गुंडाळलेली चादर ठेवली. बुडाखाली घडी घातली, त्यामुळे कंबर मागे पडायची थांबली. ओढणी तळपायाला अडकवून तिची दोन टोकं हातात दिली. मग म्हटलं, आता वाकू नका, फक्त छाती पावलांकडे न्या आणि थांबा. श्वास सोडताना खांदे खाली येऊ द्या. दोन मिनिटं त्या तशा राहिल्या. कपाळावरची आठी हळूहळू गेली. हात होते तिथेच होते, गुडघ्यांच्या जरा पुढे. उठल्यावर म्हणाल्या, "पहिल्यांदाच पोटाला कुणी जागा दिली."

आजही त्यांचा हात पावलाला पोचत नाही. पाठ मात्र पूर्वीसारखी दुखत नाही, आणि आता त्याच नवीन आलेल्यांना घडी घालून देतात.

उलट बाजूची गोष्ट माझी स्वतःची आहे. अडतिसाव्या वर्षी मी एका शिबिरात गेले होते. शेजारची मुलगी सहज दुमडत होती. मी श्वास रोखला, हाताने पाय खेचले आणि कपाळ गुडघ्याला लावलं. मांडीच्या मागच्या बाजूला, बुडाच्या हाडाजवळ बारीकसा कट असा आवाज आला. पुढचे चार महिने मला जमिनीवर बसून भाजी निवडता आली नाही. त्या दिवशी माझ्या शरीराने तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी त्याला 'आळशी' म्हटलं होतं.

म्हणून खूण लक्षात ठेवा. स्नायूच्या मध्यभागी पसरट ताण जाणवला तर चालेल. सांध्याजवळ, एका बिंदूत, टोचणारं किंवा झिणझिणणारं दुखलं तर लगेच मागे या. आणि श्वास अडकला की समजा, तुम्ही शरीराच्या पुढे गेलात.

आधार घेणं म्हणजे फसवणं, असं पुष्कळांना वाटतं. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या हे सगळं योगात रुळवणारे बी. के. एस. अय्यंगार लहानपणी अतिशय आजारी असायचे. 1918 चा जन्म, घरात फ्लूची साथ, पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय. 1937 मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे पुणेकरच झाले. तिथली त्यांची संस्था 1975 पासून चालू आहे. ज्या माणसाचं स्वतःचं शरीर सुरुवातीला काहीच देत नव्हतं, त्यानेच दुसऱ्यांच्या शरीराखाली काय ठेवलं म्हणजे ते आसनात राहील याचा एवढा विचार केला, याचं मला नवल वाटत नाही.

पाचवं, पाय भिंतीला: भिंतीला बूड लावून आडवे व्हा आणि पाय भिंतीवर सरळ टेकवा. पाच मिनिटं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना यासारखा विसावा नाही. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर हे वगळा. मग शवासन.

सूर्यनमस्कारांचं काय, असं साताऱ्यात कुणीतरी विचारतंच. विचारणारच. याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा हयातभर प्रसार केला. सूर्यनमस्कार मला फार प्रिय आहेत. पण ते सहाव्या आठवड्यानंतर, आणि सुरुवातीला दोनच. रथसप्तमीला एकशे आठ घालायचे म्हणून आदल्या आठवड्यात सुरू करणाऱ्यांचे खांदे मी पाहिले आहेत.

वहीतल्या दोन ओळी

आसनं संपल्यावर एका वहीत रोज दोनच ओळी लिहा. पहिलीत आज शरीरात काय जाणवलं ते, वर्णनात. दुसरीत आज स्वतःला कोणतं वाक्य बोललात ते, जसंच्या तसं. 'एवढंही जमत नाही तुला.' 'त्या सगळ्या किती छान करतात.' हे वाचून लाज वाटेल. वाटू द्या.

पंधरा दिवसांनी ती पानं एकत्र वाचा. बहुतेकांना दिसतं की वाक्यं तीन-चारच आहेत आणि तीच फिरून फिरून येतात. पुष्कळदा त्यांचा आवाजही ओळखीचा असतो. कुणाला वडिलांचा ऐकू येतो, कुणाला शाळेतला, कुणाला सासरच्या माजघरातला. मग त्यातलं एकेक वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा, माझ्या भाचीने आज पहिल्यांदा आसन केलं असतं तर तिला मी हे बोलले असते का? तिला जे बोलला असता, तेच स्वतःला बोला, मोठ्याने. पहिल्यांदा खोटं वाटतं. तरी बोला.

योगाच्या आठ अंगांत पहिलं अंग यम आणि यमांत पहिली अहिंसा. आपण ती मुंगीपर्यंत नेतो आणि स्वतःपाशी विसरतो. दुसरं अंग नियम आणि नियमांत दुसरा संतोष. पतंजली म्हणतात, संतोषातून सर्वांत मोठं सुख मिळतं. सुख मिळालं की मग संतोष, असा आपला हिशेब असतो. त्यांनी क्रम उलटा लावला आहे, आणि वहीची पानं भरत गेली की तो खरा असल्याचं कळायला लागतं. एखाद्या दिवशी आसन जेमतेम होतं, आणि तरीही उठताना मन हलकं असतं.

खंड पडला तर

पडणारच. पाहुणे येतात, परीक्षा असतात, गणपती असतात, आजारपण असतं. 'चार दिवस बुडाले, आता सोमवारपासून नव्याने' असं ठरवू नका, ज्या दिवशी आठवेल त्याच दिवशी पाच मिनिटं शवासन करा. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत अति खाणं, वायफळ बोलणं वगैरे आहेच, पण अतिश्रम आणि नियमांचा अट्टहास हेही आहेत. मला हे वाचून धीर आला होता. इतक्या जुन्या ग्रंथकारालाही माझ्यासारखी हट्टी माणसं माहीत होती.

रडू आलं तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शवासनात डोळ्यांतून पाणी येतं, कधीकधी कारण न कळता. घाबरू नका. कुशीवर वळा, पाय पोटाशी घ्या, येऊ द्या. घरात कुणी विचारलं तर 'बरं वाटतंय' एवढं सांगा.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर योगावर अवलंबून राहू नका. डॉक्टरांकडे जा. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. औषध चालू असेल तर ते योग सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. औषध घेणारे कितीतरी जण माझ्या वर्गात येतात. औषधाचा स्वीकार हाही स्वीकारच.

शिक्षक शोधताना

सहा आठवड्यांनंतर कुणाच्या तरी डोळ्यांसमोर शिकणं चांगलं. महाराष्ट्रात त्याची उणीव नाही. मुंबईची सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट 1918 पासून आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासून, पुण्याच्या अय्यंगार संस्थेचा उल्लेख वर आलाच. या संस्थांकडून शिकलेले शिक्षक बऱ्याच गावांत भेटतात. तरी नावावर जाऊ नका. पहिल्या दिवशी नुसतं बसून वर्ग बघायची परवानगी मागा आणि बघा: शिक्षक येणाऱ्याला जुनी दुखणी विचारतात का? कुणाच्या पाठीवर दाब देऊन वाकवत तर नाहीत ना? हात लावण्यापूर्वी विचारतात का? ज्याला जमत नाही त्याच्याजवळ जाऊन काही आधार देतात, की जमणाऱ्यालाच पुढे उभं करून दाखवतात? शवासनाला निदान पाच मिनिटं देतात, की घड्याळ बघून उठवतात?

वर्ग पसंत पडला तर पहिल्याच दिवशी तुमची गुडघेदुखी, ऑपरेशन, पाळीचा त्रास, चालू औषधं सगळं स्पष्ट सांगा. आणि घरची ती चादर बरोबर न्या. वर्गात घडी घालायला काहीतरी लागतंच.